मुलगी स्क्रॅचवर नुसती चित्रंच काढते, हे कोडिंगच्या जागेत बसतं का?

एका आईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी सहावीत, साडेअकरा वर्षांची. कोडिंग शिकेल म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिला स्क्रॅचवर, म्हणजे सूचनांचे ठोकळे (ब्लॉक) जोडून प्रोग्रॅम करायच्या मुलांच्या साइटवर, खातं काढून दिलं. आजवर चाळीसेक प्रोजेक्ट झाले, पण त्यातले तीस-बत्तीस म्हणजे नुसती चित्रं: मांजरं, लांडगे, पंख असलेल्या मुली. प्रोजेक्ट सुरू करायचा हिरवा झेंडा दाबला तरी पडद्यावर काही हलत नाही. तिच्या बाबांचं म्हणणं असं की चित्रंच काढायची तर घरात वही आहे, ही जागा कोडिंगची आहे, तेव्हा खातं बंद करून तिला एखाद्या क्लासला घाला. आई विचारतात, अशा जागेत चित्रांना खरंच स्थान असतं का, आणि मी आता काय करू?

गेली बारा वर्षं मी पुण्यात शनिवार-रविवार चौथी ते आठवीच्या मुलांना स्क्रॅच शिकवतो. तुमच्या घरात चाललेला वाद मी दर वर्षी तीन-चार घरांत तरी ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खातं बंद करू नका, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. चित्रकला ही कोडिंगच्या जागेत पाहुणी आहे की घरची, हा एक. माझी मुलगी एकाच ठिकाणी थांबली आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकतो. दुसऱ्याचं उत्तर तिची चित्रं, तिची सवय आणि ती स्क्रीनसमोर कशी बसते यावर अवलंबून आहे. ते तुम्हालाच बघावं लागेल, काय बघायचं ते मी सांगतो.

आधी पहिला प्रश्न. स्क्रॅच २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून बाहेर आलं. ते तयार करणाऱ्या मिचेल रेझनिक यांच्या गटाचं नावच 'लाइफलाँग किंडरगार्टन', म्हणजे जन्मभराची बालवाडी. बालवाडीत पोर ठोकळे रचतं, रंग फासतं, मातीचा हत्ती करतं, शेजारच्याला दाखवतं आणि मोडून परत करतं. हेच मोठेपणी संगणकावर चालू राहावं, ही मूळ कल्पना. स्क्रॅचच्या साइटवर 'एक्सप्लोर' उघडून बघा. ॲनिमेशन, आर्ट, गेम्स, म्युझिक, स्टोरीज, ट्युटोरियल्स असे कप्पे दिसतील. आर्टला वेगळा कप्पा आहे, आणि तो साइट चालवणाऱ्यांनीच दिलेला आहे. तुमची मुलगी तिथे चोरून शिरलेली नाही.

याच्याही मागे जायचं तर १९६७ ला जावं लागतं. सीमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली. थोड्याच वर्षांत तिच्यात कासव आलं, सांगू तसं सरकणारं आणि मागे रेघ ओढणारं. शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, असं चार वेळा सांगितलं की कासवाने चौकोन काढलेला असायचा. म्हणजे जगभरातल्या कितीतरी मुलांचा पहिला प्रोग्रॅम हे एक चित्र होतं. पॅपर्ट म्हणायचे, मुलांच्या साधनाचा उंबरा ठेंगणा हवा आणि छत उंच हवं. रेझनिक यांनी त्यात भर घातली, भिंतीही लांबलांब हव्यात. एकाने गेममधून यावं, एकीने गाण्यातून, एकीने लांडग्याच्या चित्रातून. आत सगळ्यांना जागा पाहिजे.

पण हा झाला इतिहास, आणि इतिहासाने तुमच्या घरातला वाद मिटणार नाही. वर्गात मी काय पाहिलं ते सांगतो.

एका मुलाने भूलभुलैया केला होता. भिंती तपकिरी, वाटेत उंदीर, उंदीर भिंतीला लागला की खेळ पुन्हा सुरू. त्यासाठी 'टचिंग कलर' हा ब्लॉक वापरतात: अमुक रंगाला स्पर्श झाला का, एवढंच तो विचारतो. याचा उंदीर अर्ध्या भिंतींना अडायचा आणि उरलेल्या अर्ध्यांतून आरपार जायचा. पोराने दोन शनिवार कोड उलटापालटा केला. कोडमध्ये काहीही चूक नव्हती. भिंती दोन वेगवेगळ्या दिवशी काढल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी रंग अंदाजाने निवडला होता, थोडा गडद. आपण दोन्हीला तपकिरीच म्हणतो, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे आकडे. शेवटी त्याच्या शेजारी बसणारी, दिवसभर फक्त चित्रं काढणारी मुलगी म्हणाली, "अरे, तुझे ब्राऊन दोन आहेत." ड्रॉपर घेऊन तिने जुन्या भिंतीचा रंग उचलला आणि नव्या भिंतींत ओतला. खेळ चालू झाला. तिने तोवर स्वतः एकही 'जर-तर' लिहिलेलं नव्हतं, पण त्या प्रोग्रॅममधली चूक तिनेच शोधली.

दुसरं उदाहरण पंख्याचं. छताचा पंखा काढायचा आणि 'टर्न १५ डिग्रीज' लावून फिरवायचा. दर वर्षी निम्म्या वर्गाचा पंखा जागेवर फिरत नाही, फेकलेल्या काठीसारखा गोल भिरभिरतो. कारण चित्र काढायच्या खिडकीत मधोमध एक छोटी फिकट खूण असते, आणि स्प्राइट, म्हणजे आपण काढलेलं पात्र किंवा वस्तू, त्या खुणेभोवती फिरतो. पाती त्या खुणेच्या एका बाजूला काढली असतील तर पंखा भरकटणारच. एकदा ती खूण दिसली की मूल पाती उचलून मध्यावर आणतं. त्याच दिवशी कुणीतरी विचारतं, मग मुद्दाम बाजूला ठेवलं तर? तिथून घड्याळाचा काटा निघतो, माणसाचा कोपरातून हलणारा हात निघतो, सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी निघते. हे निर्देशांक आहेत, परिभ्रमण आहे, आणि मूल ते ब्रशने शिकतं.

स्क्रॅचमध्ये चित्र काढायच्या दोन तऱ्हा आहेत, बिटमॅप आणि व्हेक्टर. बिटमॅपमध्ये रंगाचे ठिपके भरले जातात, त्यामुळे मोठं केलं की चित्र फुटतं. व्हेक्टरमध्ये आकार काही बिंदूंनी आणि त्यांच्यामधल्या वक्रांनी बनतो. मोठं करा, लहान करा, कड स्वच्छ राहते. तुमची मुलगी व्हेक्टरमध्ये काढत असेल तर एकदा 'रीशेप'चं हत्यार निवडून तिच्या मांजरावर टिचकी मारा आणि किती बिंदू दिसतात ते पाहा. नवखं मूल हाताने ओढतं, कान दोनशे बिंदूंचा होतो. सरावलेलं मूल तोच कान चार बिंदूंत बसवतं, कारण चार बिंदूंचा कान हलवायला सोपा असतो हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. कमीत कमी गोष्टींत काम भागवणं हा प्रोग्रॅमिंगचा गाभा आहे असं मी मानतो, आणि तो मला मुलांच्या कोडच्या आधी त्यांच्या चित्रांत दिसतो.

इथे रांगोळीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे आजी ठिपक्यांच्या रांगोळीचं वर्णन कसं करते? 'सात ते चार.' मधली ओळ सात ठिपक्यांची, मग वर आणि खाली सहा, पाच, चार. सगळे मिळून सदतीस. दोन शब्दांत अख्खी मांडणी सांगून झाली. वर्गात आम्ही पेन एक्स्टेन्शन, म्हणजे पडद्यावर रेघा-ठिपके काढणारे जादा ब्लॉक, उघडून हीच करतो. दर ओळीत ठिपका एकाने कमी आणि ओळीची सुरुवात अर्ध्या अंतराने आत सरकलेली. दोन ठिपक्यांत ४० अंतर ठेवलं तर पुढची ओळ २० ने सरकते. दोन ओळींमध्ये मात्र ४० ठेवून चालत नाही, साधारण ३५ ठेवावं लागतं, नाहीतर रांगोळी उभट होते. हे ३५ कुठून आलं, असं सातवीतलं एखादं पोर विचारतंच, आणि मग समभुज त्रिकोणाची उंची काढायला त्याला कुणी ढकलावं लागत नाही. तमिळनाडूत अशाच ठिपक्यांच्या रांगोळीला कोलम म्हणतात. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात कोलमचे नियम संगणकशास्त्रातल्या व्याकरणांच्या भाषेत मांडले होते. तिकडे पॅरिसमध्ये चित्रकार व्हेरा मोलनार हाताशी संगणक नसतानाही नियम ठरवून चित्रं काढत होत्या, आणि १९६८ पासून त्या संगणकावर काढू लागल्या. तेव्हा चित्र आणि कोड यांच्यात भिंत आहे हे म्हणणंच मला पटत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. इथे तिच्या बाबांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. स्थिर चित्र वहीतही काढता येतं, भिंतीवर लावता येतं, आजीला पाठवता येतं. स्क्रॅच त्यावर जे जास्तीचं देतं ते हे, की चित्र हलेल, बोलेल, कुणी बोट लावलं तर उत्तर देईल. आठ महिन्यांत तिने त्या दाराला हातच लावला नसेल तर का लावला नाही, हे शोधायला हवं. चित्रं कमी करून मात्र ते दार उघडत नाही.

हे मी स्वतः चुकून शिकलोय. सुरुवातीची तीन वर्षं माझ्या वर्गात नियम होता, पहिल्या सहा तासिका चित्राच्या खिडकीला हात लावायचा नाही, तयार मांजर घ्यायचं आणि फक्त ब्लॉक जोडायचे. वेळ वाचतो असं मला वाटायचं. झालं असं की वीस मुलांचे वीस प्रोजेक्ट एकसारखे दिसायचे, घरी जाऊन ते कुणी पुन्हा उघडायचं नाही, आणि छान चित्रं काढणाऱ्या दोन-तीन मुली चौथ्या तासिकेनंतर यायच्या बंद झाल्या. त्यांतली एक वर्षभराने तिच्या भावाला सोडायला आली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "त्यात माझं काहीच नव्हतं ना, सर." त्या वर्षापासून मी नियम उलटा केला. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपलं पात्र स्वतः काढायचं, वाकडंतिकडं का असेना. आपण काढलेलं पात्र चालावं म्हणून मूल जेवढी खटपट करतं, तेवढी ते तयार मांजरासाठी करत नाही.

काय बघायचं ते आता सांगतो. तिच्या शेजारी अर्धा तास बसा, काही न बोलता. ती कोऱ्या पानापासून सुरू करते का? जुनी चित्रं आणि परवाची चित्रं शेजारी ठेवली तर फरक दिसतो का, म्हणजे पंजे सुधारले, सावली आली, बिंदू कमी झाले? एखादी गोष्ट जमेना म्हणून ती चिडते आणि पुन्हा करते का? ही उत्तरं हो असतील तर ती थांबलेली नाही, ती जोरात शिकते आहे, फक्त तुम्ही मोजता त्या रकान्यात नाही. दुसऱ्याने काढलेल्या रेखाटनात नुसते रंग भरायचे, मग पाच-पाच मिनिटांनी किती हार्ट (आवडल्याच्या खुणा) आले बघायचे, आणि कमी आले की दिवस खराब, असं दिसलं तर मला काळजी वाटेल. पण तिथेही काळजी चित्रांची नाही. हार्टांच्या मागे लागलेली गेम करणारी मुलंही मी पाहिली आहेत.

चित्रं टाकणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक अडचण मात्र खास असते, आणि ती बहुतेक पालकांना माहीत नसते. स्क्रॅचवर शेअर केलेली प्रत्येक गोष्ट क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक' परवान्याखाली जाते. म्हणजे श्रेय देऊन कुणीही ती घ्यावी, बदलावी, पुढे शेअर करावी. तिथे त्याला रीमिक्स म्हणतात आणि तो त्या जागेचा प्राण आहे. कोड रीमिक्स झाला की मुलं खूश होतात. पण स्वतः काढलेल्या, नाव ठेवलेल्या, गोष्ट रचलेल्या लांडग्याचा रंग कुणीतरी बदलला की त्यांना ते चोरीसारखं लागतं. माझ्या वर्गातली एक मुलगी यावरून रडली होती, आणि तिचं रडणं खोटं नव्हतं. तेव्हा हे आधीच बोलून घ्या. जे पात्र कुणी बदललेलं तिला सोसणार नाही, ते शेअर करायचं नाही. प्रोजेक्ट शेअर न करताही खात्यात राहतो. हाच नियम उलट्या बाजूनेही लागतो. इंटरनेटवरून उचललेलं छोटा भीमचं किंवा डोरेमॉनचं चित्र तिचं नाही, तेव्हा ते असं वाटून टाकायचा हक्क तिला नाही. दुसऱ्या मुलाचं रेखाटन घेतलं असेल तर 'नोट्स अँड क्रेडिट्स'च्या चौकटीत त्याचं नाव यायलाच हवं. अकराव्या वर्षी ही सवय लागली तर फार चांगलं.

सुरक्षिततेचं थोडक्यात. तिथे खासगी मेसेजची सोय नाही, सगळ्या कॉमेंट उघड्यावर असतात, म्हणून तुम्हालाही वाचता येतात. वाचत जा. प्रोजेक्टखालच्या कॉमेंट बंद करता येतात. स्वतःचा फोटो, शाळेचं नाव, शाळेच्या गणवेशातलं स्वतःचं चित्र, यातलं काही तिथे नको.

आता पुढे काय करायचं. तिला 'आता कोडिंग कर' असं म्हणू नका. तिच्या चित्राला एक प्रश्न विचारा. माझा नेहमीचा प्रश्न असतो, "हिचे डोळे मिटतात का?"

डोळे मिटायला कॉस्च्युमची, म्हणजे पात्राच्या एका चित्राची, दुसरी प्रत करायची आणि त्यात डोळ्यांच्या जागी दोन रेघा काढायच्या. हे तिला आत्ताही येतं. मग आतलं सगळं पुन्हा पुन्हा करत राहणाऱ्या 'फॉरएव्हर' ब्लॉकच्या आत: थोडं थांब, मिटलेला कॉस्च्युम लाव, ०.१ सेकंद थांब, उघडा कॉस्च्युम लाव. झालं, पण दर तीन सेकंदांनी ठरल्यासारखी पापणी लवली की मांजर यंत्रासारखं दिसतं, आणि जिचा हात चित्रात बसलाय तिला ते लगेच खटकतं. मग 'पिक रँडम' येतो, २ ते ५. तरीही पूर्ण आकडेच पडतात, २, ३, ४, ५. त्याऐवजी २.० ते ५ लिहिलं की अपूर्णांकही पडू लागतात आणि मांजर जिवंत वाटायला लागतं. लूप, यदृच्छ संख्या, पूर्णांक आणि अपूर्णांक, सगळं एका पापणीत आलं. तिला यातला एकही शब्द पहिल्या दिवशी सांगायची गरज नाही.

ते जमलं की पुढच्या आठवड्यात दुसरा प्रश्न. शेपटी वेगळा स्प्राइट केला तर? तिथे तिला पंख्याची ती खूण भेटेल. मांजरावर क्लिक केल्यावर ते तुझ्याकडे बघेल का? रंग बदलत राहील का? 'कलर इफेक्ट' वाढवत नेला की २०० ला रंग परत मूळ जागी येतो, हे मुलं स्वतः शोधतात आणि धावत सांगायला येतात. आठवड्याला एकच प्रश्न पुरे. मधल्या दिवसांत तिला हवी तितकी स्थिर चित्रं काढू द्या, कारण त्या चित्रांमधूनच पुढचा प्रश्न निघणार आहे.

क्लासला घालायचं असेल तर आधी तिथल्या शिक्षकांना मुलांचे प्रोजेक्ट दाखवायला सांगा. सगळ्यांचे सारखे दिसले तर नका घालू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख आला, तेव्हापासून पालकांची घाई फार वाढली आहे. ती घाई मला समजते. पण साडेअकराव्या वर्षी काहीही हातातून निसटलेलं नाही.

एक काम तिच्या बाबांना सांगा. येत्या रविवारी त्यांनी तिच्या शेजारी बसून तिलाच शिकवायला सांगायचं, "मला एक मांजर काढून दाखव, मग मी काढतो." माउसने एक कान काढायला त्यांना किती वेळ लागतो ते त्यांनी स्वतः पाहावं. पापणीचा प्रश्न मग त्यांनीच विचारावा. आणि ती "आज नको" म्हणाली तर तो प्रश्न पुढच्या रविवारी.